रिकामा रकाना

कांपेचेच्या धक्क्यावर पहाटेचे चार.
दिव्याखाली टेबल, टेबलावर बर्फ, बर्फावर मुशी,
हातभर लांब, फार तर दीड हात.
आणि दोन्या एउलोहिया उक यांची सुरी,
जिचं पातं झिजून झिजून
करंगळीएवढं उरलंय.

माझ्याकडे वही, चाळणी, तराजू.
त्या पोट कापतात,
मी पोट वाचते.

काल रात्रीचं जेवण असं निघतं:
कोलंबीच्या मिशा.
माकळाची काळी चोच, पोपटाच्या पिल्लाची असावी तशी.
चिंबोरीची एक नांगी, अजून आवळलेली,
भांडण संपल्याचं तिला कुणी कळवलंच नाही.
कुठल्याशा माशाच्या कानातले दोन खडे;
मासा विरघळलाय,
खड्यांवरून मी त्याचं वय सांगते
आणि दोन्या, मान वर न करता, त्याची खाडी.

एकीच्या पोटात ऑक्टोपसचा पाय. बंदीच्या महिन्यात!
"यांना परवाना लागत नाही," बर्फ ओतता ओतता विल्बर्थ म्हणाला
आणि हसला.
कुणी हसलं नाही, म्हणून पुन्हा एकदा हसला.

मग फावड्यातोंडी मुशी.
तिच्या पोटात खेकड्याच्या भुग्यात मिसळलेलं गवत,
उथळ पाण्यातलं, रिबिनीसारखं,
टोकांशी पचून पांढुरकं झालेलं.
आधीच्या वह्यांत याला लिहिलंय: चुकून गिळलेले.
मी वाचून दाखवलं.
सुरी थांबली.
"अर्धं पोट चुकून भरतं होय कुणाचं?"
मी 'चुकून' खोडलं.
'गिळलेले' तेवढं राहिलं, एकटंच.

आणि रिकामी पोटं. ती फार.
जाळ्यात तडफडताना ओकून टाकतात, असं पुस्तकात आहे.
काहींना मिळालंच नसेल, हे पुस्तकात नाही.
रिकामं, रिकामं, पुन्हा रिकामं.
माझा हात आता न बघता लिहू लागला होता,
तेव्हा त्यांनी एक मोठी मादी समोर ओढली,
बोटानं तिचं पोट दाबलं
आणि म्हणाल्या, "ही लिहू नकोस त्यांच्यात."

"पण पोट रिकामंच आहे."

"उपाशी वेगळं, उपास वेगळा.
व्यायला काठाशी येतात ना, तेव्हा तोंड बंद ठेवतात.
समोर जे वळवळेल ते आपलंच असलं तर?"
मग एप्रनला हात पुसत,
"आमचे चाळीस दिवस ईस्टरला सुटले.
यांचे आता लागलेत."

हे खरं की धक्क्यावरची गोष्ट, मला ठाऊक नाही.
वहीत रकाना नव्हता.
कापली तेव्हा आत पाच निघाली,
मिटलेल्या छत्र्यांसारखी ओली,
त्यातली तीन हलत होती.

दोन्या बादली घेऊन शेवाळाच्या पायऱ्या उतरल्या,
गुडघा दुखतो तरी, अनवाणी.
मी मागून कंदील धरला.
"यांना पहिला घास कोण देणार?" मी विचारलं,
विचारून ओशाळले; शिकलेली मी होते.
"कुणी नाही. शिदोरी घेऊन आलीत.
काळीज बघ केवढं आहे."
काळीज म्हणजे यकृत. मी तोलून पाहिलंय:
एवढ्याशा देहाला न शोभेल इतकं जड, तेलानं भरलेलं,
पहिले काही आठवडे पुरेल असं.
शिकार जमेपर्यंत.
तीन शेपट्या. दोन लगेच गेल्या,
एक थोडा वेळ पायरीशीच घुटमळली.

नऊ वाजता ऊन टेबलापर्यंत आलं.
माशांचा वास, माश्या, हिशेबाची कटकट.
दोन्यांनी तव्यावर मक्याची भाकरी टाकली,
वर काळ्या घेवड्याचा लगदा,
वर मुशीचा शिजवलेला कीस,
वर दुसरी भाकरी, वर टोमॅटोचा लाल रस्सा.
"सकाळपासून तुझ्या पोटात काय आहे, सांग बरं,"
त्या म्हणाल्या.
मी आठवू लागले. कॉफी.

त्यांनी पहिला तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.
चटका बसला, तरी मी हात मागे घेतला नाही.